गोळीच्या नावावर

त्याचं नावच कारभारी,
त्यामुळे चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायची
पंचाईत मला कधी झाली नाही.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नोटा तपासायला.
ताव हातात आला की डोळा थेट चुकीवर:
शाई फिकी, नंबर तिरका, एखादी रेघ जाड.
माझ्या भाकरीवरचा करपलेला ठिपकासुद्धा
बोट ठेवून दाखवायचा,
मग खायचा.

साखर निघाली तशी मेटफॉर्मिन सुरू झाली.
सकाळी पाचशे, रात्री पाचशे.
पहिल्याच आठवड्यात पोट बिघडलं.
मेडिकलवाला म्हणाला, होतं असं,
जेवणावर घ्या, बसेल.
बसलंही.
पण तेव्हापासून घरात वहिवाटच पडली,
पोटाचं काहीही निघालं की गोळीच्या नावावर टाकायचं,
जशी वर्गात काच फुटली की
एकाच पोराला छडी.

जेलरोडच्या लग्नात पंगतीतून उठला: गोळी.
देवळालीहून येताना रिक्षा दोनदा थांबवली: गोळी.
वजन उतरलं तेव्हा तर पेढे वाटायचेच बाकी होते.
पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून
त्याने मला दाखवलं,
मी म्हटलं, बघा, पथ्याला यश आलं.

रक्त दिसलं ते सांगितलं नाही.
बिटको चौकातून मूळव्याधीचं चूर्ण आणलं
आणि गोळी बंद केली, परस्पर.
रोज माझ्यादेखत पट्टी फोडायचा,
तोंडात टाकायचा, गॅलरीत जायचा.
कोरफडीची कुंडी बदलायला घेतली
तर मातीत पांढरं पांढरं.
फुगलेल्या, विरत आलेल्या.
मोजता आल्या तेवढ्या एकोणीस.

त्या दिवशी मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.
दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून मुंबई नाक्याला नेलं.

दुर्बीण घातली. गुंगी उतरल्यावर
डॉक्टर देवरेबाईंनी फोटोंचा कागद पुढे केला.
बारा चौकोन, ओलसर, गुलाबी.
बाई काही बोलायच्या आत
याचं बोट सातव्यावर.
"हा खराब आहे."
आवाज अगदी ड्युटीवरचा.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग त्याने विचारलं, जे मलाही विचारायचं होतं:
"गोळीनं झालं का हे?"
"गोळीनं नाही," बाई म्हणाल्या.
"साखरवाल्यांना याचा धोका मुळातच जरा जास्त.
उलट काही अभ्यासांत असं दिसतं
की ही गोळी घेणाऱ्यांत हा आजार थोडा कमी.
काहींत तसं दिसत नाही.
ठाम सांगावं इतकं अजून कुणाच्या हाती नाही.
तुम्ही यायला उशीर केलात, ते मात्र ठाम."

परतताना तो खिडकीबाहेर बघत होता.
एकलहऱ्याच्या चिमण्या दिसायला लागल्यावर म्हणाला,
"अकरा वर्षं शिव्या घातल्या बिचारीला."
मी म्हटलं, तिला काय कळतंय.
पण मलाही आतून लागलं होतं.
कोण जाणे, ती दाराशी बसलेली असेल राखणीला
आणि आम्हीच तिला चोर ठरवलं.
किंवा नसेलही बसलेली. नुसती साखर बघत असेल.
बाईंनाच माहीत नाही तिथे मी कोण?

आतड्याचा वीतभर तुकडा काढला.
केमो झाली, केस थोडे गेले, चव पूर्ण गेली.
फेब्रुवारीत बाजार द्राक्षांनी भरला,
मी मोजून सहा दिली,
त्याने एक उजेडात धरून
नोटेसारखी निरखली, परत ठेवली.
म्हणाला, पाच बास.

गोळी आता माझ्यासमोर.
पाणी पिऊन तो जीभ बाहेर काढतो, जरा शरमून,
आणि मी वाकून बघते,
वर, खाली, दोन्ही गालांत.

कोरफड त्या साली सॉलिड फोफावली.
शेजारणी रोपं मागून नेतात.
तिच्यावर कुणी काही अभ्यास केलेला नाही.